ईएसपी३२ वरील तानपुरा गिटारसारखा वाजतो. जवारी कशी आणावी?

प्रश्न: खर्जपंचम

नमस्कार. मी शास्त्रीय गायन शिकते आणि फावल्या वेळात मायक्रोकंट्रोलर बोर्डांवर लहानमोठी उपकरणे तयार करते. सध्या रियाजासाठी तानपुऱ्याची एक पेटी बनवण्याचे काम हाती घेतले आहे. मोबाइलवर तानपुऱ्याची चांगली ॲप असताना हा खटाटोप कशासाठी, असे कोणीतरी विचारणारच, म्हणून उद्देश आधी सांगते. ॲपमधला तानपुरा नेहमी जुळलेलाच असतो. पट्टी निवडली की चारही तारा आपोआप आपापल्या जागी येतात आणि तानपुरा जुळवण्याचा सराव विद्यार्थ्याला कधी घडतच नाही. माझ्या पेटीला प्रत्येक तारेची वेगळी खुंटी असावी, म्हणजे चार फिरते एन्कोडर असावेत. पेटी सुरू होताना तारा मुद्दाम थोड्या उतरलेल्या असाव्यात आणि त्या कानाने जुळवल्याशिवाय रियाजाला बसता येऊ नये, अशी कल्पना आहे.

आतापर्यंत झालेले काम असे. बोर्ड साधा ईएसपी३२ आहे. ध्वनी त्याच्या आतल्याच डॅकमधून (आकड्यांचे विद्युतसंकेतात रूपांतर करणाऱ्या भागातून), म्हणजे २५ क्रमांकाच्या पिनेवरून घेतला आहे आणि पुढे एक छोटे ॲम्प्लिफायर मॉड्यूल व तीन इंची स्पीकर जोडला आहे. नाद निर्माण करण्यासाठी केव्हिन कार्पलस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत वापरली आहे. ज्यांना ती परिचित नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: तारेच्या एका आवर्तनात जेवढे नमुने बसतात तेवढ्या लांबीची रांग मेमरीत ठेवायची, तार छेडताना ती यादृच्छिक आकड्यांनी भरायची आणि मग ती पुन्हा पुन्हा वाचत असताना प्रत्येक नमुन्याच्या जागी त्याची व शेजारच्या नमुन्याची सरासरी लिहीत जायची. मी नमुन्यांचा वेग सेकंदाला २२०५० ठेवला आहे, रांगेची लांबी जवळच्या पूर्णांकात घेतली आहे आणि नाद विरत जावा म्हणून चारही तारांना ०.९९६ हा एकच गुणक दिला आहे. माझी पट्टी काळी पाच आहे. त्यानुसार जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या मधल्या दोन तारा २३३.०८ हर्ट्झ, त्याखालच्या सप्तकातला खर्ज ११६.५४ हर्ट्झ आणि पंचम १७४.८१ हर्ट्झ येतो.

आता अडचणी. नाद स्वच्छ असला तरी तो गिटारचा वाटतो, तानपुऱ्याचा नाही. गणिताने आकडे बरोबर असूनही जोड आणि खर्ज एकमेकांत मिसळत नाहीत आणि सेकंदाला जवळजवळ दोन लाटा ऐकू येतात. प्रत्येक तार छेडताना बारीक टक असा आवाज येतो, नाद विरत जाताना शेवटी खरखर होते आणि अधूनमधून कारण नसताना कडकड ऐकू येते. शिवाय ३४, ३५, ३६ आणि ३९ या पिनांना जोडलेले एन्कोडर काही दाद देत नाहीत. एन्कोडर बदलून पाहिले, तरी फरक पडला नाही. यातली सर्वांत महत्त्वाची अडचण पहिलीच आहे. बाकीच्या सुटल्या आणि जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या नादातली ती गुंजणारी चमक, आली नाही, तर ही पेटी बनवण्यात अर्थ नाही.

उत्तर: डाखवाला

सोप्या गोष्टींपासून सुरुवात करतो.

ईएसपी३२ वरील ३४ ते ३९ या पिना फक्त आत येणाऱ्या संकेतांसाठी आहेत आणि त्यांना अंतर्गत पुल-अप रोधक (पिनेला ३.३ व्होल्टकडे ओढून ठेवणारे) नाहीत. बाजारात मिळणाऱ्या साध्या एन्कोडरच्या आत नुसते संपर्क असतात, त्यामुळे पुल-अप नसेल तर पिन अधांतरी राहते. प्रत्येक पिनेपासून ३.३ व्होल्टपर्यंत १० किलोओहमचा रोधक लावला की त्या चालू लागतील. माझी सूचना मात्र एन्कोडर तिथून हलवावेत अशी आहे. चार एन्कोडरांना आठ पिना, त्यांच्या दाबण्याच्या बटणांना चार आणि ध्वनीला तीन, अशा एकूण पंधरा पिना लागतील. ४, ५, १३, १४, १६, १७, १८, १९, २१, २२, २३, २५, २६, २७, ३२ आणि ३३ या सोळा पिनांत ते सर्व बसते, फक्त तुमचा बोर्ड रोव्हर मॉड्यूलचा असेल तर १६ आणि १७ सोडून द्याव्या लागतील. ६ ते ११ या पिना फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असल्याने त्यांना हात लावू नये. एन्कोडर मोजण्यासाठी इंटरप्ट वापरण्याचीही गरज नाही. या चिपमध्ये स्पंद मोजणारी आठ स्वतंत्र हार्डवेअर एकके आहेत, त्यांतली चार पुरतात आणि मुख्य प्रोग्रामवर भार पडत नाही. बटणाचा उपयोग असा करता येईल: बटण दाबलेल्या अवस्थेत एक टप्पा म्हणजे दहा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), ती झाली खुंटी, आणि न दाबता एक टप्पा म्हणजे एक सेंट, तो झाला तारेवरचा बारीक जुळवणीचा मणी.

शेवटच्या खरखरीचे मूळ डॅकमध्ये आहे. तो आठ बिटांचा आहे, म्हणजे त्याच्याकडे एकूण २५६ पायऱ्या आहेत. चार तारा एकत्र वाजवायच्या म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला त्याहून कमी पायऱ्या येतात, आणि तार विरत आली की तिचा सगळा नाद दोनतीन पायऱ्यांत कोंबला जातो. तीच खरखर आपल्याला ऐकू येते. गिटारच्या एखाद्या लहान सुरावटीत हे खपून जाते. तानपुऱ्यात विरत जाणारा नाद हाच मुख्य असल्यामुळे इथे ते चालणार नाही. त्याऐवजी आयटूएस (चिपमधून ध्वनीचे आकडे बाहेर पाठवण्याची रीत) पद्धतीचा बाहेरचा डॅक घ्यावा. हेडफोनचे वेगळे ॲम्प्लिफायर किंवा घरातली मोठी ध्वनियंत्रणा जोडायची असेल तर पीसीएम५१०२ए, आणि थेट स्पीकर चालवायचा असेल तर मॅक्स९८३५७ए. या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये डॅक आणि सुमारे तीन वॅटचा ॲम्प्लिफायर एकत्रच असतो. त्याच्या स्पीकरच्या दोन तारांपैकी कोणतीही ग्राउंडला जोडू नये, कारण तिचे दोन्ही टोक चालवलेले असतात.

मधूनच येणारी कडकड बहुधा वेळेत हिशेब पूर्ण न झाल्यामुळे येते. ईएसपी३२ मध्ये दशांश गणिताचे हार्डवेअर आहे खरे, पण ते एकेरी अचूकतेपुरतेच. प्रोग्राममध्ये नुसते ०.९९६ लिहिले की कंपायलर ती दुहेरी अचूकतेची संख्या धरतो आणि तो गुणाकार सॉफ्टवेअरमधून, कित्येक पटींनी सावकाश होतो. आकड्यापुढे 'एफ' हे अक्षर लावावे. हाच प्रोग्राम उद्या दुसऱ्या बोर्डावर नेण्याचा विचार असेल तर हेही लक्षात असावे की ईएसपी३२-सी३ आणि मूळ रास्पबेरी पाय पिको यांत हे दशांश हार्डवेअर मुळीच नाही. ईएसपी३२-एस३ मध्ये ते आहे, पण आतला डॅक नाही. अर्थात आयटूएसकडे वळल्यावर त्याची उणीव भासणार नाही. ध्वनीचा हिशेब एका कोअरवर स्वतंत्र टास्कमध्ये, १२८ नमुन्यांच्या गठ्ठ्याने करावा आणि एन्कोडर, पडदा, सिरियल मॉनिटर हे सर्व दुसऱ्या कोअरवर न्यावे. ध्वनीच्या टास्कमध्ये सिरियलवर एक ओळ छापली तरी कडकड परत येते.

उत्तर: कृष्णाकाठ

माझे मत थोडे वेगळे आहे. तानपुरा गणिताने बनवण्याचा अट्टहास कशासाठी? मिरजेत आजही हाताने तंबोरे बनतात, आणि तिथल्या सतारी व तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. कारागिराने मन लावून जवारी काढलेल्या तंबोऱ्याच्या एकेका तारेचे शांत खोलीत ध्वनिमुद्रण करावे आणि तेच वाजवावे. एका तारेचा आठ सेकंदांचा, सेकंदाला ४४१०० नमुन्यांचा आणि सोळा बिटांचा एकस्रोती नाद सुमारे सात लाख बाइट होतो. पंचम, जोड आणि खर्ज असे तीन नाद घेतले तर सुमारे २१ लाख बाइट लागतात. बहुतेक बोर्डांवर चार मेगाबाइटची फ्लॅश असते. तिची विभागणी बदलून प्रोग्रामला एक आणि फायलींना तीन मेगाबाइट दिले की हे सर्व आरामात बसते, वेगळे कार्डही लागत नाही. तार काही सेंटांनी चढवायची-उतरवायची असेल तर नमुने थोड्या वेगळ्या गतीने वाचायचे, म्हणजे तुमची खुंटीची कल्पनाही साधते.

एमपी३ वाजवणारे छोटे तयार मॉड्यूल घेऊन त्यावर तानपुऱ्याची फाइल फिरवत ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मात्र मुळीच ऐकू नये. एमपी३ फायलीच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा राहतेच, त्यामुळे प्रत्येक फेरीला नाद क्षणभर तुटतो आणि आलाप करताना नेमके तिथेच लक्ष जाते.

उत्तर: अपूर्णांक

लाटांचे कारण आकड्यांतच सापडते. २२०५० ला २३३.०८ ने भागल्यास ९४.६० येते आणि आपण रांग ९५ नमुन्यांची घेतली. त्यात शेजारच्या दोन नमुन्यांची सरासरी घेतल्याने अर्ध्या नमुन्याचा विलंब आणखी वाढतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रत्यक्षात फेरा ९५.५ नमुन्यांचा झाला, म्हणजे जोड २३०.८९ हर्ट्झवर, सुमारे १६ सेंट उतरलेला वाजतो. खर्जाची रांग १८९ ची, फेरा १८९.५ चा, म्हणून तो ११६.३६ हर्ट्झवर आहे आणि त्याची चूक तीन सेंटांहूनही कमी आहे. खर्जाचा दुसरा स्वरांश (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा उपस्वर) २३२.७२ आणि जोडाचा मूळ स्वर २३०.८९, यांतला फरक १.८३ हर्ट्झ. आपण ऐकलेल्या 'सेकंदाला जवळजवळ दोन' लाटा त्या याच. कान चोख आहेत, आणि ज्या पेटीचा हेतूच जुळवणे शिकवणे आहे तिच्यासाठी ही चांगली गोष्ट आहे.

नमुन्यांचा वेग ४४१०० केल्याने चूक कमी होते, पण संपत नाही. तिथेही काळी पाचच्या जोडासाठी रांगेतला एक नमुना म्हणजे सुमारे नऊ सेंट, मग एका सेंटाचा मणी फिरवायचा कसा? रांगेच्या लांबीचा अपूर्णांक भाग वेगळा हाताळावाच लागतो. यासाठी दोन शेजारच्या नमुन्यांच्या दरम्यानचे मूल्य सरळ रेषेने काढण्याची रीत सोपी आहे, मात्र ती वरचे स्वरांश खाते आणि किती खाते ते अपूर्णांकावर अवलंबून असते. परिणामी खुंटी फिरवताना स्वराबरोबर नादाचा पोतही बदलत राहतो. त्यापेक्षा पहिल्या क्रमाचा ऑलपास फिल्टर वापरावा. तो कोणत्याही स्वरांशाची तीव्रता बदलत नाही, फक्त विलंब देतो. त्याचा नियम एका ओळीत मावतो: नवे मूल्य म्हणजे 'क' गुणिले आताचा नमुना, अधिक मागचा नमुना, उणे 'क' गुणिले मागचे मूल्य. हवा असलेला अपूर्ण विलंब 'ड' असेल तर 'क' म्हणजे (१ − ड) भागिले (१ + ड). 'ड' शून्याच्या अगदी जवळ न ठेवता साधारण ०.३ ते १.३ च्या दरम्यान ठेवावा आणि त्याप्रमाणे पूर्णांक रांग एकाने कमी-जास्त करावी.

मेमरीची काळजी नको. ४४१०० च्या वेगाने चारही रांगा मिळून सुमारे एक हजार नमुने, म्हणजे चार हजार बाइट लागतात. आर्डुइनो उनोवर एकूण दोन हजार अठ्ठेचाळीस बाइट असल्याने तिथे हे जमले नसते, ईएसपी३२ ला मात्र ते जाणवणारही नाही.

गुणकाविषयीही एक गोष्ट. ०.९९६ हा गुणक फेऱ्यामागे एकदा लागतो आणि खर्जाचे फेरे सेकंदाला जोडाच्या निम्मे होतात, म्हणून तोच गुणक दिल्यास खर्ज जोडाच्या दुप्पट काळ रेंगाळतो. नाद ६० डेसिबलने उतरायला आठ सेकंद लागावेत असे ठरवले तर जोडाला ०.९९६३ आणि खर्जाला ०.९९२६ असे वेगवेगळे गुणक येतात. दोघांचा काळ नेमका सारखाच असावा असा माझा आग्रह नाही, खर्ज थोडा जास्त घुमलेला बरा वाटतो. पण तो आपण ठरवून घुमवावा.

उत्तर: घोडीवरचे सूत

मूळ प्रश्न जवारीचा आहे आणि त्याचे उत्तर तार छेडण्यात शोधले तर ते मिळणार नाही. ते घोडीत आहे.

गिटारची तार घोडीच्या धारदार कडेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद असते, तिचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो आणि तार त्या माथ्याला अगदी लहान कोनात स्पर्श करत पुढे जाते. तार खाली येताना माथ्याला थोडी जास्त चिकटते, वर जाताना सुटते, म्हणजे तिची मोकळी लांबी प्रत्येक आंदोलनात बदलत राहते. तारेखाली सुताचा धागा सरकवून हा स्पर्श नेमका कुठे व्हावा ते ठरवले जाते. या सततच्या लागण्या-सुटण्यामुळे खालच्या स्वरांशांतली ऊर्जा वरच्या स्वरांशांकडे जाते आणि तार छेडून झाल्यानंतर नाद उजळत जातो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये कोलकात्याहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात हीच गोष्ट दाखवली होती. एरवी तार ज्या बिंदूवर छेडली जाते तिथे ज्या स्वरांशाचा निस्पंद (न हलणारा बिंदू) येतो तो स्वरांश उमटत नाही, असा थॉमस यंग यांचा नियम आहे. तानपुरा आणि वीणा तो पाळत नाहीत. तानपुऱ्याची तार बरोबर मध्यावर छेडली तरी तिचा दुसरा स्वरांश ठळक ऐकू येतो, कारण तो छेडण्यातून आलेला नसतो, घोडीने तो मागाहून निर्माण केलेला असतो.

आता आपला प्रोग्राम काय करतो ते पाहा. सुरुवातीला यादृच्छिक आकडे भरले म्हणजे सगळे स्वरांश पहिल्याच क्षणी हजर, आणि प्रत्येक फेरीतली सरासरी वरचे स्वरांश आधी मारते. नाद तेजस्वी सुरू होऊन झपाट्याने मंद होतो. तानपुऱ्यात याच्या अगदी उलट घडते. त्यामुळे तीन बदल करावे लागतील.

पहिला बदल छेडण्यात. मध्यमा किंवा तर्जनीच्या मऊ मांसाने हळुवार छेडलेली तार कर्कश नसते, म्हणून यादृच्छिक आकडे रांगेत टाकण्यापूर्वी ते चांगले गाळून मऊ करावेत, किंवा नुसता एक रुंद, गोलसर उंचवटा टाकावा. रांग पुसून नवे आकडे भरण्याऐवजी ते जुन्या नादात मिळवावेत आणि बोट टेकताना खरी तार क्षणभर दबते तसे त्याआधीच्या दहाएक मिलिसेकंदांत जुना नाद थोडा उतरवावा. तुमचा टक असा आवाज येथेच नाहीसा होईल.

दुसरा बदल सरासरीत. आताच्या नमुन्याला अर्धे आणि मागच्याला अर्धे असे वजन देण्याऐवजी नऊ दशांश आणि एक दशांश असे वजन द्यावे. वरचे स्वरांश त्यामुळे जास्त काळ टिकतात. याचा विलंब अर्ध्या नमुन्याऐवजी सुमारे ०.१ नमुना होतो, हे 'अपूर्णांक' यांच्या हिशेबात धरायला विसरू नये.

तिसरा बदल म्हणजे घोडी. जॉन पिअर्स आणि स्कॉट व्हॅन ड्युइन यांनी १९९७ मध्ये एक सुंदर युक्ती प्रसिद्ध केली. फेऱ्यामध्ये आणखी एक पहिल्या क्रमाचा ऑलपास फिल्टर ठेवायचा, पण त्याचे गुणक दोन असायचे आणि फिल्टरच्या स्मृतीतले मूल्य धन असेल तर एक, ऋण असेल तर दुसरा वापरायचा. तार एका बाजूला गेली की तिला एक विलंब मिळतो, दुसऱ्या बाजूला गेली की वेगळा. घोडीच्या माथ्यावर लागण्या-सुटण्याचे हे अगदी ढोबळ पण कामचलाऊ रूप आहे. मूल्य शून्यातून जातानाच बदल होत असल्यामुळे एकूण ऊर्जा वाढत नाही आणि फेरा बेफाम होत नाही, ती फक्त खालून वरच्या स्वरांशांकडे सरकते. सुरुवातीला गुणक अधिक ०.१ आणि उणे ०.१ ठेवावेत. तेव्हा विलंब अनुक्रमे ०.८२ आणि १.२२ नमुने येतो. मग हळूहळू त्यांतले अंतर वाढवत जावे. फार वाढवले की तानपुऱ्याऐवजी झांजेचा आवाज येऊ लागतो.

इथपर्यंत आलेला नाद सतारीच्या जवळ जाईल, पण त्यात एक उणीव राहील: जोरात छेडा वा हळू, जवारी तेवढीच ऐकू येईल. खऱ्या वाद्यात तसे होत नाही. आंदोलन मोठे असताना स्पर्श वेगळा असतो, लहान होत गेले की वेगळा, आणि म्हणूनच नादातले स्वरांश एकामागून एक उमलल्यासारखे वाटतात. हे आणण्यासाठी गुणक बदलण्याचा बिंदू शून्यावर न ठेवता थोडा खाली सरकवावा. तोच आपला सुताचा धागा. पेटीवर त्याच्यासाठी पाचवी कळ, साधा पोटेन्शिओमीटर, द्यावी. ती ३४ क्रमांकाच्या पिनेवर सुखाने चालेल, कारण तिला पुल-अप लागत नाही, मात्र वाचलेले मूल्य सरासरीने स्थिर करून घ्यावे. बिंदू शून्यापासून हलवला की ऊर्जा न वाढण्याची गणिती हमी उरत नाही, म्हणून विरण्याचा गुणक एकापेक्षा कमीच ठेवावा आणि रांगेत लिहिण्यापूर्वी मूल्याला वरची-खालची मर्यादा घालावी. स्पीकर जोडण्यापूर्वी हे आवर्जून करावे.

'कृष्णाकाठ' यांचा मार्ग चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. नुसती श्रवणीय तानपुरा-पेटी हवी असेल तर तो लवकर पोहोचवतो. पण ध्वनिमुद्रणात सूत एकदाच लागलेले असते आणि ते मागाहून सरकवता येत नाही. ज्या विद्यार्थ्याने जुळवायला शिकावे असे आपल्याला वाटते, त्याने सूत थोडे हलवले की नाद कसा उघडतो आणि कसा मिटतो हेही ऐकावे, असे मला वाटते.

उत्तर: डाखवाला

स्पीकरबद्दल थोडे राहिले होते. तीन इंची स्पीकर ११६ हर्ट्झचा खर्ज नीट देऊ शकत नाही. पुरुषांच्या काळी एक पट्टीचा ६९ हर्ट्झचा खर्ज तर तो जवळजवळ देतच नाही. तरीही जवारी जमली की खर्ज ऐकू येईल, कारण वरच्या स्वरांशांतील अंतरावरून मूळ स्वर कानच भरून काढतो. त्यामुळे मोठा स्पीकर घेण्याची घाई करू नये. पेटी मात्र मागून बंद असावी. उघड्या स्पीकरच्या पुढच्या-मागच्या लहरी एकमेकींना खातात आणि उरलासुरला खालचा भागही जातो. पॉवर बँकेवर चालवणार असाल तर एक पाहून घ्या: अनेक पॉवर बँका कमी प्रवाह ओढला की आपोआप बंद होतात, आणि ही पेटी हळू आवाजात फारच थोडा प्रवाह ओढते. ॲम्प्लिफायरच्या ५ व्होल्टच्या पिनेजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: खर्जपंचम

सर्वांचे आभार. एन्कोडर हलवले, आयटूएस मॉड्यूल बसवले, वेग ४४१०० केला. लाटा, खरखर आणि टक, तिन्ही गेले. दोन गुणकांचा फिल्टर घातल्यावर पहिल्यांदाच शेजारच्या खोलीतून तानपुरा आहे का, अशी विचारणा झाली. मिरजेचा मार्गही मनात ठेवला आहे. निदान तुलना करण्यासाठी एका चांगल्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण हाताशी असावे असे वाटते.

दोन शंका उरल्या आहेत. सूताची कळ फिरवली की स्वरही दोनतीन सेंट सरकतो, तो प्रोग्रामने आपोआप भरून काढावा का? आणि जोडाच्या दोन तारा तंतोतंत जुळवल्या की त्या दोन तारा वाटतच नाहीत, एकच तार दोनदा छेडल्यासारखे ऐकू येते. एक थोडी उतरवून ठेवणे बरोबर होईल का?

उत्तर: घोडीवरचे सूत

फिल्टरचा सरासरी विलंब बदलल्यामुळे स्वर सरकतो. कोष्टक करून तो भरून काढणे शक्य आहे, पण या पेटीत ते करू नये. सूत हलवल्यावर मणी पुन्हा पाहायची सवय लागली तर ती हवीच आहे.

जोडाची तार मात्र उतरवू नये, त्याने सतत हेलकावणारा नाद तयार होतो आणि षड्जाला स्थिर जागा राहत नाही. दोन्ही तारांचा स्वर एकच ठेवून बाकीच्या गोष्टी वेगळ्या कराव्यात: दोघींचा सुताचा बिंदू किंचित निराळा, विरण्याचा गुणक किंचित निराळा, आणि छेडतानाचा उंचवटा दर वेळी थोड्या वेगळ्या रुंदीचा. दोघींच्या रांगा स्वतंत्र आहेत ना, तेही पाहावे. मेमरी वाचवण्यासाठी एकच रांग दोनदा छेडली असेल तर तुम्हाला ऐकू येते तेच ऐकू येईल. छेडण्यांमधले अंतरही घड्याळासारखे समान असू नये. प्रत्येक अंतरात शंभरातल्या दोनतीन भागांइतका यादृच्छिक फरक ठेवावा आणि खर्जानंतर पंचमाकडे परतताना थोडा जास्त अवकाश द्यावा, म्हणजे खर्ज पूर्ण उमलेपर्यंत पुढची तार त्याच्यावर येत नाही.